पहिल्यांदाच लॅपटॉप उघडताय? थिंकपॅड टी४८० ची रॅम, डिस्क आणि बॅटरी घरच्या घरी कशी बदलायची

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा लॅपटॉप समोर ठेवून म्हणाली, मामा हा चालू व्हायलाच चहा होऊन जातो, दुकानवाला म्हणतो याचं काही होणार नाही नवीनच घ्या. लॅपटॉप होता थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड घेतलेला, आत ८ जीबीची एकच रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क. मी म्हटलं नवीनबिवीन काही नको, उघडूया, पण उघडायचा तू, मी फक्त शेजारी बसणार. दीड तास लागला तिला, त्यातला अर्धा तास तर नुसता घाबरण्यात गेला. तिने त्या दीड तासात जे जे विचारलं तेच इथे क्रमाने लिहितोय, कारण पहिल्यांदा उघडणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात.

टी४८० च का घेतला उदाहरणाला, तर २०१८ चं हे मॉडेल, मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी घेतलं आणि आता ते सगळे लॅपटॉप वापरून बाहेर पडलेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, दिल्लीत नेहरू प्लेसला जा, बंगळुरात एसपी रोडला जा, कुठेही मिळतो. त्यात बहुतेक वेळा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून ही गोष्ट फार महत्त्वाची झालीय. आणि मुख्य म्हणजे हा उघडता येतो. रॅमला दोन स्लॉट, डिस्क वेगळी, बॅटऱ्या दोन, एक मागे बाहेरून लागणारी आणि एक आतली. नाव मात्र नीट वाचा हां, टी४८०एस हे वेगळं मॉडेल आहे, त्यात काही रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच, सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच. तुमचा लॅपटॉप दुसरा कुठला असेल तरी बऱ्याचशा पायऱ्या याच आहेत, फक्त आधी त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. थिंकपॅडचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, कुठला स्क्रू कुठे आहे ते चित्रासकट. ते मोबाइलवर उघडून शेजारी ठेवायचं.

आधी बघा बदलायचं काय आहे

स्लो आहे म्हणून लगेच रॅम आणायला पळू नका. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. काहीच चालू नसताना डिस्क १०० टक्क्याला चिकटलेली दिसत असेल तर दुखणं डिस्कचं आहे. चार-पाच टॅब उघडल्यावर मेमरी नव्वद टक्क्यांच्या घरात जात असेल तर रॅम कमी पडतेय. तिथेच खाली किती स्लॉट वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं, दोनपैकी एक असं दिसलं की आनंद माना, एक जागा रिकामी आहे. भाचीच्या लॅपटॉपचं दोन्ही होतं, पण मला विचाराल तर पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी डिस्क बदला. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते आणि तीही फाइल सलग असली तर, साधी साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी चिपांची डिस्क, पाचशेच्या पुढे जाते, आणि बारीकसारीक फाइली वाचण्यात तर दोघांची तुलनाच नाही, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइलीच वाचत असतं.

बॅटरीचं बघायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवा, एक रिपोर्ट तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता असे दोन आकडे असतात. टी४८० ची आतली बॅटरी २४ वॉट-अवरची, मागची २४, ४८ किंवा ७२ ची मिळते. आतलीचा आकडा निम्म्यावर आला असेल तर बदलायला हरकत नाही, पण बऱ्याचदा नुसती मागची मोठी घेतली तरी काम भागतं, आणि ती बदलायला लॅपटॉप उघडावाही लागत नाही.

पार्ट घेताना

रॅम घ्यायची ती डीडीआर४, लॅपटॉपची म्हणजे सोडिम, २६० पिनांची. इथे मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी एका दुकानात नुसतं "लॅपटॉपची ८ जीबी द्या" म्हणालो, त्याने दिली, मी न बघता घेतली, घरी येऊन लावायला गेलो तर बसेचना. ती डीडीआर३एल निघाली, २०४ पिनांची, खाच वेगळ्या ठिकाणी. नशिबाने जोर लावला नाही. तेव्हापासून दुकानातच स्टिकर वाचतो आणि शक्य असेल तर जुन्या रॅमचा फोटो घेऊन जातो, दाखवायला. टी४८० मध्ये रॅम २४०० च्या स्पीडनेच चालते, त्यामुळे २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी साधारणपणे चालून जाते, फक्त जास्त स्पीडसाठी जास्त पैसे देऊ नका. एक ८ ची आहे तर दुसरी ८ ची घाला, दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरणं, चालू होतो आणि आतल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो.

डिस्कच्या जागी सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे २.५ इंची, ७ मिलीमीटर जाडीची साटा एसएसडी. जुनी काढली, नवी सरकवली, झालं. एनव्हीएमई म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी हवी असेल तर ती बसवायला वेगळा ट्रे लागतो, त्याला कॅडी म्हणतात, तो आधी मिळवा मगच ड्राइव्ह घ्या. आणि या मशीनमध्ये त्या जागेला पीसीआयईच्या, म्हणजे डेटा ज्यावरून जातो त्या रस्त्याच्या, दोनच लेन मिळतात, त्यामुळे महागडी जेन ४ ची म्हणजे नव्या वेगवान पिढीची ड्राइव्ह घेऊन तिचा अर्धाही वेग मिळणार नाही, साधी घ्या.

उघडायच्या आदल्या दिवशी

बॅकअप. फोटो, प्रोजेक्ट, सगळं दुसरीकडे कॉपी करा. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं किंवा जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढायला गेलात की ४८ आकडी की मागते आणि तेव्हा ती तुमच्याकडे नसते. विंडोज नव्याने टाकायचं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आजच तयार करा, कारण लॅपटॉप उघडल्यावर तो कशावर बनवणार? लायसन्सची काळजी करू नका, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून नेटला जोडलं की ॲक्टिव्हेट होतं.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पीएच० आणि पीएच१, रस्त्यावरचा वीस रुपयांचा सेट नको कारण त्याची टोकं मऊ असतात आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत करून ठेवतात, मग तो स्क्रू कोणालाच निघत नाही. कव्हर उचकटायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड, लोखंडी काही नाही, सुरी तर अजिबात नाही. आणि स्क्रू ठेवायला इडलीपात्राची एक थाळी. खरंच सांगतोय, याच्यासारखं साधन नाही. पहिल्या खोलग्यात पहिल्या पायरीचे स्क्रू, दुसऱ्यात दुसऱ्या पायरीचे, घड्याळाच्या दिशेने जायचं आणि परत बसवताना उलटं यायचं. भाचीने तर प्रत्येक खोलग्यात चिठ्ठी टाकली होती, "डिस्क", "बॅटरी" अशी. हे एवढं कशासाठी तर स्क्रू सगळे सारखे दिसतात पण सारखे नसतात. मी एकदा दुसऱ्या एका लॅपटॉपमध्ये लांब स्क्रू आखूड जागी घातला, घट्ट लागेना म्हणून अजून दोन वेढे दिले, आणि कीबोर्डच्या बाजूला प्लास्टिकवर टेंगूळ आलं. ते आजही तसंच आहे. स्क्रू हलक्या हाताने जात नसेल तर तो त्या जागेचा नाही, थांबा आणि मिलीमीटरमध्ये लांबी मोजा.

बसायला टेबल हवं, गादी किंवा सतरंजी नको. अंगात स्वेटर नको, थंडीच्या कोरड्या दिवसात तो काढताना चटचट आवाज येतो ना तीच स्टॅटिक वीज रॅमला मारू शकते. पंखा बंद करा म्हणजे चिठ्ठ्या उडणार नाहीत, आणि आतल्या भागाला हात लावायच्या आधी, मध्येमध्येही, लोखंडी कपाटाच्या जिथे रंग उडालाय अशा जागेला किंवा नळाला हात लावून या.

आता उघडूया

चार्जर काढा. लॅपटॉप चालू करा आणि लेनोवोचा लोगो आला की एफ१ दाबा, बायोस उघडतं. कॉन्फिगमध्ये पॉवर, तिथे सगळ्यात खाली डिसेबल बिल्ट-इन बॅटरी असं आहे, ते निवडून येस करा. लॅपटॉप आपोआप बंद होतो. ही पायरी कोणी सांगत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण मागची बॅटरी काढली तरी आतली मदरबोर्डला करंट देतच असते, आणि तशा चालू बोर्डावर स्क्रू पडला तर बोर्ड गेला समजा. एकदा असं डिसेबल केलं की चार्जर लावेपर्यंत ती झोपलेली राहते. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय नसेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा म्हणजे फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सोयीमुळे तो अर्धवटच बंद होतो तसं न होता पूर्ण बंद होतो, आणि कव्हर उघडल्या उघडल्या पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं.

पाच मिनिटं गार होऊ द्या. पालथा घाला, मऊ फडक्यावर. मागची बॅटरी दोन खटके सरकवून काढा. बाजूला एसडी कार्ड असेल तर तेही काढा, ते राहिलं तर कव्हर अडतं. पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, राहिलासाहिला करंट निघून जातो.

खालच्या कव्हरला सहा स्क्रू आहेत आणि ते कव्हरमधून बाहेर येत नाहीत, तशीच त्यांची रचना आहे. नवीन माणूस इथेच फसतो, फिरवत बसतो फिरवत बसतो आणि म्हणतो निघतच नाही. सैल होऊन वर-खाली हलायला लागला की झालं त्याचं काम. आता मागच्या बॅटरीच्या रिकाम्या जागेजवळच्या कोपऱ्यातून कार्ड घाला आणि कडेकडेने सरकवत चला, टक्, टक् असे खटके सुटत जातात. तो आवाज ऐकून भाचीने हात मागे घेतला, तुटलं म्हणाली. तुटलेलं नसतं, प्लास्टिकच्या कडा सुटताना असाच आवाज येतो. पण एका जागी जोर लावून पूर्ण कव्हर ओढायचं नाही, एका बाजूने सुटत नसेल तर दुसऱ्या बाजूने या, आणि तरीही अडलं तर एखादा स्क्रू सैल करायचा राहिलाय का बघा. बहुतेक वेळा तेच असतं.

कव्हर निघालं की काहीही करायच्या आधी फोटो काढा. एक पूर्ण, मग जवळून चार, विशेषतः वायरी कुठून कशा गेल्यात त्याचे. समोर पुढच्या कडेला बॅटरी दिसेल, रॅम, डिस्क, आणि एका कोपऱ्यात पंखा. बायोसमधून बॅटरी बंद केली असली तरी तिचा कनेक्टरही काढून ठेवा, मी काढतोच. वायरी धरून ओढायचं नाही, प्लास्टिकचा जो पांढरा किंवा काळा तुकडा आहे त्याला दोन्ही कडांनी नखं लावून हळूहळू डावी-उजवीकडे हलवत बाहेर घ्यायचा.

रॅम. दोन्ही बाजूंना धातूचे बारीक खटके असतात, ते बाहेरच्या बाजूला ताणले की रॅम स्वतःहून तिरकी वर उठते. तिरकी झाली की त्याच कोनातून ओढून घ्या. नवी लावताना कडेला धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका, खाच जुळते का बघा, साधारण तीस अंशात तिरकी पूर्ण आत ढकला आणि मग खाली दाबा, दोन्ही बाजूंचे खटके टक् करून बसले पाहिजेत. आत नीट गेली की सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होते. ती जास्त दिसत असेल तर परत काढून परत लावा. लॅपटॉप चालू न होण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी इथेच, अर्धवट बसलेल्या रॅमपाशी येऊन संपतात.

डिस्क त्याहून सोपी. तिच्याभोवती चौकट असते, ती सोडवा, कनेक्टरमधून सरळ रेषेत मागे ओढा, चौकट जुन्या डिस्कवरून काढून नव्या एसएसडीला लावा आणि तशीच परत सरकवा. डिस्कला जोडणारी ती पातळ पट्टीसारखी केबल मुडपू नका, ती गेली तर वेगळी मागवावी लागते. दुसऱ्या लॅपटॉपांमध्ये एम.२ एसएसडी असते, च्युइंगमच्या पाकिटाएवढी, तिला शेवटी एक छोटा स्क्रू असतो, तो काढला की तीही तिरकी उठते. तिथे लांबी बघून घ्या, २२८० म्हणजे २२ मिलीमीटर रुंद ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब, जागा आखूड असेल तर लांब बसणार नाही.

आतली बॅटरी बदलायची असेल तर तिचे स्क्रू काढून ती उचला, टी४८० मध्ये चिकटवलेली नसते हे फार बरं आहे. पण थांबा, बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे उशीसारखी वर आलेली, किंवा टचपॅड वर ढकलला गेलाय, कव्हर नीट बसत नाही, तर तिला उचकटू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका. लिथियमची बॅटरी टोचली की पेट घेऊ शकते. सहज सुटत असेल तर अलगद काढून घराबाहेर फरशीवर ठेवा, नसेल सुटत तर तसाच लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे घेऊन जा, हे काम पहिल्याच दिवशी शिकायचं नाही.

उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढा. पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा आणि मगच ब्रश किंवा ब्लोअर वापरा, मोकळा सोडून हवा मारली तर पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. तांब्याच्या जाळीशी धुळीची अक्षरशः नमद्यासारखी घडी बसलेली असते, चिमट्याने उचलली की सगळी एकदम निघते. भाचीच्या लॅपटॉपमधली निघाली ती माझ्या करंगळीएवढी लांब होती. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप, बदलायची का असं सगळे विचारतात. पहिल्या वेळी नको. लॅपटॉप खरंच तापत असेल तर दुसऱ्या वेळी करा, हीटसिंकच्या स्क्रूंवर किंवा शेजारी आकडे लिहिलेले असतात त्याच क्रमाने थोडेथोडे सैल करायचे, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी.

बंद करून चालू करताना

बॅटरीचा कनेक्टर परत लावला का बघा. पहिला फोटो उघडून आत्ताच्या आतल्या भागाशी ताडून बघा. इडलीपात्र रिकामं झालं का बघा, एक जरी स्क्रू उरला असेल तर तो आत पडलेला नाही ना, त्याची जागा कुठली, हे शोधल्याशिवाय कव्हर लावू नका. कव्हर पुढच्या कडेने बसवत मागे या, सगळीकडून दाबून खटके बसवा, मग स्क्रू समोरासमोरचे असे थोडेथोडे आवळा, एकदम एकच पूर्ण घट्ट नको. हाताला लागला की थांबायचं, जास्त आवळलं तर आटे जातात.

आता पॉवर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. इथे भाचीचा चेहरा उतरला. अहो होणारच नाही, आतली बॅटरी आपणच बायोसमधून बंद केलीय. चार्जर लावा, मग दाबा. तरीही पहिल्यांदा स्क्रीन काळी राहील, अर्धा मिनिट, कधीकधी एक मिनिट, मशीन नवी रॅम तपासत असतं. या काळात घाबरून बटण दाबून बंद करू नका, पाणी पिऊन या. दोन-तीन मिनिटं होऊनही काही नाही, किंवा बीप बीप करतंय, तर परत उघडा, एकच रॅम एका स्लॉटमध्ये लावून बघा, मग दुसरी, मग दुसरा स्लॉट. कुठली खराब किंवा कुठली नीट बसली नव्हती ते लगेच कळतं. परत उघडताना चार्जर काढून बॅटरी पुन्हा बंद करायला विसरू नका, चार्जर लावल्याबरोबर ती जागी झालेली असते. आणि स्क्रीनच येत नाही म्हणून बायोसमध्ये जाता येत नसेल तर कव्हर काढल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर.

चालू झाला की एफ१ दाबून बायोसमध्ये रॅमचा आकडा बघा. १६ दिसतंय, छान. मग पेनड्राइव्ह लावून सुरू होताना एफ१२, तिथून पेनड्राइव्ह निवडा आणि विंडोज टाका. इन्स्टॉल करताना डिस्क दिसत नसेल तर बहुतेक ती कनेक्टरमध्ये पूर्ण गेलेली नाही, परत बघा.

जुनी हार्ड डिस्क फेकू नका, २.५ इंची यूएसबी केस मिळते त्यात घातली की बॅकअपची डिस्क तयार, निदान महिनाभर तरी तिच्यावरचं काही पुसू नका, काहीतरी कॉपी करायचं राहिलेलं असतंच. स्क्रीन बदलणं, चार्जिंगचा पोर्ट सोल्डर करणं, मदरबोर्ड काढणं ही पुढची कामं आहेत, दोन-तीनदा उघडून हात बसला की मग. आणि जुनी बॅटरी काढली असेल तर घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथे आग लागू शकते. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, कागदाच्या खोक्यात ठेवा आणि नवी बॅटरी घेतली त्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. भाचीच्या कॉलेजच्या गेटपाशी तसा एक डबा आहे, तिची जुनी बॅटरी तिथे गेली.